कोणत्या वेळचा समुद्र?
(सागरचित्रणाच्या माध्यमांचा एक छोटा अभ्यास)

‘समुद्रकिनारा’ हा विषय चित्रकलेच्या परीक्षेत आला की पुष्कळांना हायसे वाटते. वर अर्धा सूर्य, मध्ये निळी पट्टी, तिच्यावर त्रिकोणी शिडाची एक होडी, खाली पिवळी वाळू आणि कडेला वाकलेला एक माड. अर्ध्या तासात चित्र पुरे होते. काढणाऱ्याने समुद्र पाहिलेला असो वा नसो, चित्रात काही फरक पडत नाही. अडचण नेमकी हीच आहे. मालवणच्या मुलाने काढलेला समुद्र आणि गोंदियाच्या मुलाने काढलेला समुद्र एकसारखाच दिसत असेल, तर दोघांनीही समुद्राकडे पाहिलेले नाही. दोघांनी कुठल्या तरी तिसऱ्याच चित्राकडे पाहिले आहे, असे म्हणावे लागते.

मी चित्रकला महाविद्यालयाची विद्यार्थिनी नाही. शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन ग्रेड परीक्षा दिल्या, तेवढेच माझे रीतसर शिक्षण. पुढे मात्र कॉलेजच्या ग्रंथालयात चित्रकारांविषयीची पुस्तके हाती आली आणि सुट्टीच्या दिवशी वही घेऊन पुळणीवर बसण्याची सवय लागली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. बाबा बोटीवर खलाशी, आई बाजारात मासे विकते. त्यामुळे समुद्राविषयी मला जे काही ठाऊक आहे ते दोन ठिकाणांहून आले आहे, ग्रंथालयातून आणि घरातून. या दोन ठिकाणांची एकमेकांशी ओळख करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

समुद्र निळा असतो का?

आमच्या घरात भिंतीवर एक कॅलेंडर होते. त्यावर समुद्राचे छापील चित्र होते, शाईसारखे निळे. आई एकदा कुळीथ निवडता निवडता त्याच्याकडे पाहून म्हणाली, “ह्यां पाणी खंयचां गो? आमचां न्हय.” मग तिने सांगितले की आपले पाणी पावसात लाल-काळपट असते, दिवाळीनंतर निवळते, आणि चैत्र-वैशाखात दुपारी पाणी कुठे संपले आणि आभाळ कुठे लागले ते कळतच नाही.

आईचे हे तीन वाक्यांचे बोलणे सागरचित्रणाचा पहिला धडा म्हणून वर्गात सांगण्याजोगे आहे. जून ते सप्टेंबर या काळात नद्या आणि खाड्या जांभ्याची माती घेऊन समुद्रात उतरतात आणि खवळलेल्या लाटा तळाची वाळू वर आणतात. म्हणून किनाऱ्याजवळचे पाणी गढूळ तांबूस दिसते. नोव्हेंबर ते जानेवारीत गाळ खाली बसतो आणि पाणी हिरवट, पारदर्शक होते. एप्रिल-मे मध्ये हवेतल्या धुरकटपणामुळे क्षितिजाची रेघ पुसट होते. म्हणजे चित्रकाराने ब्रश हाती घेण्यापूर्वी स्वतःला विचारण्याचा प्रश्न ‘समुद्राचा रंग कोणता?’ हा नव्हे. ‘हा कोणत्या वेळचा समुद्र?’ हा आहे. महिना कोणता, प्रहर कोणता, भरती आहे की ओहोटी (आमच्याकडे ओहोटीला सुकती म्हणतात), वारा कुठून आहे, हे ठरल्याशिवाय रंग ठरत नाही. आणि माध्यम कोणते घ्यावे हेही, माझ्या मते, तोवर ठरवता येत नाही.

पाण्याच्या रंगाचे शास्त्र फार कठीण नाही. दूरच्या पाण्याकडे आपण अगदी तिरकस नजरेने पाहतो, तेव्हा ते आरशासारखे वागते आणि आभाळाचा रंग परत देते. पायाजवळच्या पाण्याकडे आपण वरून पाहतो, तेव्हा नजर आत शिरते आणि पाण्याचा स्वतःचा रंग व खालची वाळू दिसते. उभी राहिलेली लाट या दोन्ही गोष्टी एकाच वेळी दाखवते. तिची आपल्याकडची उभी बाजू हिरवट आणि खोल दिसते, तर मागच्या उतारावर आभाळ चमकते.

यातच आपल्या पश्चिम किनाऱ्याचे एक वैशिष्ट्य मिसळते. सकाळी सूर्य आपल्या पाठीमागे, सह्याद्रीच्या बाजूला असतो. त्यामुळे पाणी, होड्या, माणसे यांवर समोरून उजेड पडतो आणि रंग स्पष्ट दिसतात. दुपारनंतर सूर्य समुद्राच्या बाजूला जातो. तेव्हा होड्या काळ्या आकृत्या होतात, पाण्यावर चकाकीचा पट्टा पडतो, आणि फुटायच्या बेतात असलेल्या लाटेचा पातळ माथा उजेड आरपार आल्याने काचेसारखा हिरवा पेटतो. म्हणून सकाळचे चित्र रंगांचे आणि सायंकाळचे चित्र छायाप्रकाशाचे, असा स्थूल नियम मी माझ्यापुरता केला आहे.

रेघ, लाट आणि ओली पुळण

माध्यमांकडे वळण्यापूर्वी रेखाटनाच्या तीन गोष्टी सांगते, कारण त्या कोणत्याही माध्यमात लागू पडतात.

पहिली गोष्ट क्षितिजाची. क्षितिज नेहमी पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर असते. पुळणीवर उभे राहिले आणि डोळे जमिनीपासून दीड मीटरवर असले, तर दिसणारी समुद्राची कड सुमारे साडेचार किलोमीटरवर असते. खाली बसलो तर ती तीन किलोमीटरच्या आसपास येते, आणि तीस मीटर उंचीच्या टेकडीवर चढलो तर जवळजवळ वीस किलोमीटरवर जाते. म्हणून टेकडीवरून काढलेल्या चित्रात पाण्याचा पट्टा रुंद येतो आणि वाळूत बसून काढलेल्या चित्रात तो अरुंद येतो. बसून चित्र काढायचे आणि पाणी मात्र टेकडीवरून दिसावे तसे रुंद दाखवायचे, असे केले की समुद्र भिंतीसारखा उभा राहतो. शिवाय ही रेघ तिरपी झाली तर सगळा समुद्र एका बाजूला सांडतो आहे असे वाटते, हे सांगायला नकोच.

दुसरी गोष्ट लाटेची. लाट कुठेही फुटत नाही. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वा पटीपर्यंत कमी झाली की लाटेचा तळ अडखळतो आणि माथा पुढे कोसळतो. म्हणजे कंबरेएवढ्या पाण्यात फुटणारी लाट सुमारे मांड्यांपर्यंत येईल एवढीच उंच असते. चित्रात मधोमध, खोल पाण्यावर, घराएवढ्या लाटा फुटताना दाखवल्या की आमच्या वाडीतला कोणीही म्हातारा विचारील, “तिथे खडप आहे काय?”

तिसरी गोष्ट ओल्या वाळूची. समुद्रचित्रातला सर्वांत सुंदर आणि सर्वांत दुर्लक्षित भाग हाच, असे मला वाटते. ओली वाळू कोरड्या वाळूपेक्षा गडद असते आणि पाण्याचा पातळ थर असेपर्यंत तीत आभाळ दिसते. तेथे उभ्या असलेल्या माणसाची सावली आणि प्रतिबिंब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सावली सूर्याच्या उलट दिशेला, डावी-उजवीकडे कुठेही पडेल. प्रतिबिंब मात्र पायांपासून सरळ खाली, पाहणाऱ्याच्या दिशेनेच येते. या दोन्हींची गल्लत झाली की माणसे वाळूवर उभी न राहता तरंगू लागतात.

पेन्सिल आणि कोळसा

रंगांपूर्वी कोळशाने किंवा मऊ पेन्सिलीने लहान कच्ची रेखाटने करावीत. कागद पोस्टकार्डाएवढा पुरतो. डोळे अर्धे मिटून आभाळ, पाणी, ओली वाळू, कोरडी वाळू यांतले सर्वांत उजळ काय आणि सर्वांत गडद काय, एवढेच नोंदवावे. चार छटांत समुद्र उभा राहत असेल तर पुढे कोणताही रंग चालतो. तो उभा राहत नसेल तर महागडा रंगही उपयोगी पडत नाही. या माध्यमाचा दुसरा गुण म्हणजे वेग. लाट थांबत नाही. पण लाटा एकामागून एक जवळजवळ त्याच जागी, त्याच आकारात फुटतात. दहा लाटा नुसत्या पाहाव्यात, अकरावी काढावी. मोबाइलवर काढलेल्या छायाचित्रात लाट गोठते आणि पुष्कळदा मेणाची वाटते. दहा लाटा पाहिलेल्या हाताच्या रेषेत मात्र ती चालती राहते.

जलरंग

जलरंग हे पारदर्शक माध्यम. यात पांढरा रंग म्हणजे कागदच. फेस, होडीवरची चमक, पाण्यावरचे चांदणे हे सारे आधीच ठरवून कोरे सोडावे लागते. म्हणून या माध्यमात विचार आधी आणि हात नंतर. कोकणाला हे माध्यम परके नाही. सावंतवाडीत जन्मलेले सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८) यांचे जलरंगांवरील प्रभुत्व सर्वश्रुत आहे. हातात समई घेतलेल्या स्त्रीचे त्यांचे म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील चित्र जलरंगातलेच आहे. ते सागरचित्र नव्हे, पण उजेड कागदातून कसा बोलवावा याचा तो मोठा वस्तुपाठ आहे.

समुद्रासाठी क्रम असा ठेवावा. प्रथम आभाळ, कागद ओला असतानाच. कारण पाण्याला रंग तेच देणार आहे. ते वाळल्यावर दूरचे पाणी, मग जवळचे. लांबच्या लाटा बारीक आणि एकमेकींच्या जवळ, जवळच्या मोठ्या आणि विरळ. पाण्यावरची चकाकी हवी असेल तर खरखरीत कागदावर जवळजवळ कोरडा ब्रश आडवा धरून झरकन ओढावा; रंग कागदाच्या उंचवट्यांवर लागतो, खळग्यांत कोरा कागद राहतो आणि पाणी चमकू लागते. ओल्या वाळूसाठी अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना यांचे पातळ मिश्रण वापरावे. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि वाळूचा रवाळपणा आपोआप येतो.

एक व्यावहारिक सूचना. रंगकामासाठी घरून गोडे पाणी न्यावे. समुद्राचेच पाणी वापरण्याचा मोह होतो. परंतु मीठ कागदात राहते, पावसाळ्यात कागद ओल धरतो आणि चित्राला बुरशी येण्याचा धोका वाढतो.

जलरंगांना नाजूक समजण्याचे कारण नाही. इंग्लिश चित्रकार टर्नर (१७७५–१८५१) याने १८१८ साली यॉर्कशायरमध्ये, समुद्रापासून दूर असलेल्या आपल्या यजमानांच्या घरी, रसद भरून घेणाऱ्या एका प्रचंड युद्धनौकेचे चित्र एका सकाळीत पुरे केल्याची हकिगत त्या घरात सांगितली जात असे. त्याने कागद रंगाने चिंब केला, मग तो खरवडला, नखाने ओरबाडला, आणि त्या गोंधळातून जहाज वर आले. समोर समुद्र नव्हता. होती ती वर्षानुवर्षे पाहून मनात साठवलेली लाट. हा धडा मला फार धीर देणारा वाटतो.

पोस्टर कलर

आपल्यापैकी बहुतेकांच्या पेटीत असतात ते हे रंग. स्वस्त, अपारदर्शक आणि लवकर वाळणारे. यांना दुय्यम मानले जाते, पण ते योग्य नाही. पाण्याचा आरपारपणा यांना जमत नाही हे खरे; परंतु कोरडी वाळू, जांभ्याचा बांध, होडीचे रंगवलेले फळे, जाळ्यांचे ढीग, लुगड्यांचे रंग या ठोस गोष्टी ते फार चांगल्या सांगतात. म्हणून पाण्यापेक्षा किनाऱ्याचे चित्र काढायचे असेल तर हेच माध्यम घ्यावे.

यात क्रम जलरंगांच्या उलट असतो. गडद आधी, उजळ शेवटी. फेस सर्वांत शेवटी वरून ठेवता येतो. मात्र फेस म्हणजे बाटलीतला निव्वळ पांढरा रंग नव्हे. असंख्य बुडबुड्यांनी उजेड विखुरला जातो म्हणून फेस पांढरा दिसतो. त्याच्या सावलीच्या बाजूला आभाळाचा निळसर करडेपणा असतो. पांढऱ्यात किंचित निळा आणि किंचित ऑकर मिसळून आधी सावलीचा फेस काढावा, आणि शुद्ध पांढरा फक्त उन्हाच्या टोकांना लावावा. ओला रंग आणि वाळलेला रंग यांत फरक पडतो, म्हणून वहीच्या कडेला आधी पट्टी लावून वाळू द्यावी. जाड थर दिला तर पुढे भेगा पडतात, हेही ध्यानात ठेवावे.

पेस्टल आणि मेणबत्ती

पेस्टलचा खडू म्हणजे हातात धरलेला रंगच. मिसळणे नाही, वाळण्याची वाट पाहणे नाही. भराभर बदलणाऱ्या आभाळासाठी याच्यासारखे साधन नाही. फ्रान्समधला बूदँ (१८२४–१८९८) हा चित्रकार खलाशाचा मुलगा होता आणि लहानपणी स्वतःही बोटीवर काम करीत असे. त्याने समुद्रावरच्या आभाळाचे कितीतरी पेस्टल अभ्यास केले आणि त्यांवर तारीख, वेळ आणि वारा यांची नोंद ठेवली. १८५९ साली बोदलेर या कवीने ते अभ्यास पाहून त्या नोंदींचा मुद्दाम उल्लेख केला होता. हे वाचले तेव्हा मला हसूच आले, कारण तारीख, वेळ आणि वारा याच तीन गोष्टी बाबा बोट सुटण्यापूर्वी विचारतात. याच बूदँने सतरा-अठरा वर्षांच्या मोनेला उघड्यावर बसून चित्र काढायला शिकवले.

पेस्टलचे खडू महाग पडत असतील तर एक साधी युक्ती आहे. पांढऱ्या मेणबत्तीचा तुकडा घेऊन, जिथे फेस हवा तिथे कागदावर जोर देऊन घासावा, आणि वरून पातळ जलरंगाचा हात द्यावा. मेण पाण्याला उभे करत नाही. फेसाची तुटक, जाळीदार नक्षी आपसूक उमटते. लाट मागे फिरताना वाळूवर फेसाची जी नक्षी सोडते ती याहून चांगली क्वचितच काढता येते.

तैलरंग

तैलरंगांचा पहिला गुण म्हणजे सवड. रंग कित्येक तास, कधी दिवस ओला राहतो. लाटेची कड आभाळात विरघळवता येते, चुकले तर खरवडता येते. पहिला हात टर्पेंटाइन घालून पातळ द्यावा, नंतरचे थर क्रमाने तेलकट आणि जाड. हा क्रम उलटा केला तर वरचा थर तडकतो.

दुसरा गुण म्हणजे वजन. लाटेचे वजन दाखवायचे असेल तर तैलरंगाला पर्याय नाही. फ्रेंच चित्रकार कूर्बे (१८१९–१८७७) याने १८६९ साली एत्रता येथे लाटांची चित्रे आरंभिली. त्याने रंग ब्रशने न लावता पुष्कळ ठिकाणी सुरीने थापला. त्याची लाट पाण्यापेक्षा दगडाच्या जवळ वाटते. ज्याने लाटेचा मार खाल्ला आहे त्याला हे पटेल. वल्ह्यावर आपटणारे पाणी मऊ नसते.

तिसरी गोष्ट गुण म्हणावी की दोष, ते ठरवता येत नाही. ओल्या तैलरंगाला वाळू चिकटते. मोनेने १८७० साली त्रुव्हील येथे काढलेले पुळणीवरील दोन स्त्रियांचे लहान चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्याच्या रंगात खरोखरीचे वाळूचे कण अडकलेले सापडले आहेत. चित्रकार तिथे बसला होता, वारा होता, वाळू उडत होती, याचा पुरावा चित्रानेच दीडशे वर्षे जपून ठेवला आहे. सागरचित्राला याहून चांगले प्रमाणपत्र कोणते असेल?

हल्ली ॲक्रिलिक रंगही मिळतात. ते तैलरंगांसारखे जाड लावता येतात आणि पाण्याने धुता येतात, परंतु समुद्रवाऱ्यात पाहता पाहता वाळतात. त्यामुळे कडा मऊ करण्याचे काम लगोलग उरकावे लागते.

लाकडी ठसा

जपानी चित्रकार होकुसाई (१७६०–१८४९) याची ‘महालाट’ आपण सर्वांनी कुठे ना कुठे पाहिली आहे. १८३१ च्या सुमारास निघालेले हे लाकडी ठशाचे चित्र प्रत्यक्षात वहीच्या दोन पानांएवढेच, सुमारे पंचवीस बाय सदतीस सेंटिमीटर आहे. ठशात छटा मोजक्या, कडा स्पष्ट. म्हणून लाट येथे वजन होत नाही, आकार होते, तिच्या फेसाला नखे फुटतात. त्यातला निळा म्हणजे युरोपातून आलेला प्रशियन ब्लू, जो त्या सुमारास जपानमध्ये मुबलक मिळू लागला होता.

या चित्राविषयी बोलताना लाटेची आणि मागच्या फुजी पर्वताची चर्चा होते. मला मात्र त्यातल्या तीन होड्या अधिक जवळच्या वाटतात. त्या ताजी मासळी वेगाने बाजारात पोहोचवणाऱ्या होड्या आहेत. वल्हेकरी मान खाली घालून होडीला चिकटले आहेत. जगभर टांगल्या गेलेल्या या चित्रात मध्यभागी मासळीच्या धंद्यातली माणसे आहेत, हे ध्यानात आल्यावर मी घरी येऊन आईला ते चित्र दाखवले. तिने लाटेकडे नंतर पाहिले. आधी तिने विचारले, “पोचली काय गो ती?”

किनाऱ्यावरची माणसे

या प्रश्नाने मला चित्रकलेतल्या एका मोठ्या प्रश्नाकडे नेले. सागरचित्रातून माणसे बहुधा का गाळली जातात? परीक्षेतल्या किनाऱ्यावर कोणी नसते. फार तर एक होडी, तीही रिकामी. आमच्या घरी क्षितिजाकडे पाहतात ते सौंदर्यासाठी नव्हे, बोट दिसते का यासाठी. पाहणाऱ्याला त्या रेघेत काय शोधायचे आहे, यावर ती रेघ कशी काढली जाईल हे अवलंबून असते.

चांगल्या चित्रकारांनी हे जाणले होते. अमेरिकन चित्रकार विन्स्लो होमर (१८३६–१९१०) १८८१ आणि १८८२ या दोन वर्षांत इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील कलरकोट्स या मच्छीमार गावात येऊन राहिला. तेथल्या कोळिणींची, टोपल्या उचलणाऱ्या, जाळी दुरुस्त करणाऱ्या, वादळात समुद्राकडे पाहत उभ्या राहणाऱ्या स्त्रियांची चित्रे त्याने मुख्यतः जलरंगात काढली. त्या मुक्कामानंतर त्याचा समुद्र बदलला. त्यात शोभा कमी झाली आणि धोका आला. आपल्याकडे विदर्भात जन्मलेल्या बी. प्रभा (१९३३–२००१) यांनी तैलरंगात कोळिणींची लांबट, उदास, सरळ उभी राहणारी रूपे रंगवली. त्यांच्या चित्रांत समुद्र कमी दिसतो, पण तो त्या स्त्रियांच्या उभे राहण्यात असतो.

आता आपल्या पुळणीवरची रापण घ्या. होडीतून जाळे अर्धवर्तुळात टाकतात, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणतात आणि दोन बाजूंना माणसांच्या रांगा ते ओढू लागतात. म्हातारे, पोरे, बायका सर्वांचे हात लागतात आणि सर्वांना वाटा मिळतो. चित्राच्या दृष्टीने पाहिले तर ही किती भरीव रचना आहे! दोन तिरप्या रांगा, मधे जवळ जवळ येणारे अर्धवर्तुळ, मागे झुकलेली शरीरे, ओल्या वाळूत त्यांची प्रतिबिंबे. रापण सकाळची असेल तर उजेड समोरून आहे, म्हणून पोस्टर कलर घ्यावे आणि माणसांचे रंग सांगावेत. सायंकाळची असेल तर मागे चकाकते पाणी आहे, म्हणून कोळसा किंवा जलरंगाचा एकच गडद हात घ्यावा आणि ओढणाऱ्या पाठी सांगाव्यात. जाळे वर आले आणि बांगडे उसळू लागले की पेस्टल. कारण बांगड्याच्या पाठीवरचा निळा-हिरवा रंग पाण्याबाहेर येताच मंदावू लागतो, आणि त्याला मिसळत बसायला वेळ नसतो.

रापणी कमी होत चालल्या आहेत. यांत्रिक बोटी आल्या, पर्ससीन जाळी आली. २०१६ साली राज्य सरकारने पर्ससीन मासेमारीवर निर्बंध आणले, तरी किनाऱ्यावरचे दोर पूर्वीसारखे भरत नाहीत. त्या प्रश्नाची उत्तरे शोधणे हे या लेखाचे काम नाही. पण चित्र काढणाऱ्या विद्यार्थ्याला एक गोष्ट हमखास करता येईल. दोर कोणत्या खांद्यावर असतो, पाय वाळूत कसे रोवतात, बाई टोपली उचलताना आधी गुडघा कसा टेकते, हे अचूक काढून ठेवता येईल. उद्या हे दृश्य नसेल तेव्हा ‘कोकणचा रम्य किनारा’ दाखवणारी चित्रे हजारो असतील; दोर कसा धरत होते हे सांगणारी मात्र थोडी असतील.

यासाठी महाग रंग लागत नाहीत. पोस्टकार्डाएवढा कागद, मेणबत्तीचा तुकडा, दोन-तीन रंग आणि दहा लाटा पाहण्याचा धीर पुरेसा आहे. आणि ज्यांच्या घरात समुद्राची, शेतीची, विणकामाची विद्या पिढ्यान्‌पिढ्या आहे, परंतु पुस्तक पहिल्यांदाच आले आहे, अशा माझ्या मित्रमैत्रिणींना एवढेच सांगावेसे वाटते की घरातल्या माणसांना विचारा. ग्रंथालयात जे मोठ्या चित्रकारांच्या नावाने सापडते, त्यातले पुष्कळ त्यांना ठाऊक असते. फक्त ते कोणी त्यांना विचारलेले नसते.

माझी एक विनंती आहे. समुद्राचे चित्र पुरे झाले की ते उलटे करून मागे चार गोष्टी लिहाव्यात: तारीख, वेळ, भरती की सुकती, आणि वारा कुठला. या चार गोष्टी लिहिता आल्या तर चित्र समुद्राचे आहे. लिहिता आल्या नाहीत, तर पुन्हा एकदा पुळणीवर जाऊन बसावे.